जुनं घर, चढती ओल आणि पाठ कुजलेलं कपाट : सुरुवात कुठून करू?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

घर साधारण ७० वर्षांचं. विटांच्या दीड फुटी भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर लाकडी तुळया, आत लाकडी जिना. ६ वर्षं बंद होतं, आता पुन्हा राहायला जायचं ठरलंय. सामान तिथंच होतं. त्यातल्या तीन गोष्टींवर जीव आहे : आजोबांचं शिसवी कपाट, सागवानी लिहायचं टेबल, आणि चार खुर्च्या. या खुर्च्यांवर बसलं की आपल्या आधी त्याच बोलायला लागतात.

परवा कपाट भिंतीपासून ओढलं तर मागच्या फळीत बोट गेलं. अक्षरशः गेलं, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं. मागच्या दोन पायांचाही खालून भुगा झालाय. पुढून बघाल तर काही झालंच नाही असा दिमाख.

भिंतीचं सांगायचं तर मागच्या वर्षी एका कंत्राटदाराकडून खालच्या ३ फुटांचा पोपडे आलेला गिलावा काढून सिमेंटचा करून घेतला, वर 'वॉटरप्रूफ' रंग. आता ओल त्या नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेच्याही वर, जमिनीपासून ४ फुटांवर दिसते.

हाताशी १५ दिवसांची सुट्टी आहे. कपाटाची पाठ प्लायवूडने बदलायची, घासून पॉलिश मारायचं, मग टेबल-खुर्च्या, वेळ उरला तर भिंती, असा बेत आहे. पॉलिश कोणतं घेऊ?

तिरकस

पॉलिश कपाटाला करणार की भिंतीला? भिंत ओली आहे तोवर प्लायवूड लावा नाहीतर सोन्याचा पत्रा, पाठीमागून रोज अंघोळ ठरलेली. (हलके घ्या.)

पाचर

तिरकस गमतीत बोलले पण खरं बोलले.

मी सुतारकाम करतो, २२ वर्षं झाली. आधी तीन गोष्टी बघून सांगा. कपाटाच्या खाली पीठ पडतंय का? पडत असेल तर ते पावडरीसारखं मऊ आहे की वाळूसारखे रवाळ दाणे? आणि भिंतीवर किंवा पायांवर मातीच्या नळ्या आहेत का? मऊ पीठ म्हणजे भुंगेरा, दाणे म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी, मातीच्या नळ्या म्हणजे जमिनीतून येणारी वाळवी. तिघांचा इलाज वेगळा. सरसकट औषध मारून मोकळं होणारे लोक येतात, त्यांच्या नादी लागू नका.

यातलं काहीच नसेल तर बुरशी. बुरशी म्हणजे पाणी.

ओळंबा

बांधकामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

उंबरठा, तुमच्या यादीत भिंत सगळ्यात शेवटी आहे, ती पहिली घ्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली ती वाढत नाही. माणसं राहतात अशा कोरड्या खोलीत लाकूड ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणजे मधे भरपूर जागा आहे. तुमच्या फळीत बोट गेलं त्याअर्थी ती वर्षानुवर्षं २० च्या वर होती. ते पाणी येतं कुठून, हे शोधल्याशिवाय पॉलिशचा डबा उघडूसुद्धा नका.

पाणी चार वाटांनी येतं : वरून (छप्पर, पन्हळ), आतून (फुटका नळ, न्हाणीघर), खालून (जमिनीतून चढणारी ओल) आणि हवेतून (गार भिंतीवर दव). प्रत्येकाची खूण निराळी. नळाची ओल उन्हाळ्यातही हटत नाही आणि एका जागेभोवती गोल पसरते. छपराची ओल पावसाच्या तासाभरात जागी होते. जमिनीतली ओल सगळ्या भिंतीला सारख्या उंचीवर पट्टा काढते, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षार) फुटतो.

दवाचा संशय असेल तर हातभर अल्युमिनियम फॉईल भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा, दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतली ओल. भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतली.

आता ४ फुटांचं. जमिनीतली ओल सहसा मीटरभराच्या वर चढत नाही, कारण वाटेत ती भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते. तुमच्या कंत्राटदाराने नेमकी ती उडायची जागा बंद केली. पाणी बिचारं काय करणार, दार मिळेपर्यंत वर चढलं.

एक काम करा. घराबाहेर जा, त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आहे की खाली, ते मोजून सांगा. लेव्हल नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून मोजा, त्याच्याइतकं खरं यंत्र नाही.

उंबरठा

काका, मोजलं. आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

बाहेर पूर्वी माती होती. मग कधीतरी फरसबंदी झाली, तिच्यावर पुन्हा एकदा काँक्रीट झालं. आजच्या घडीला बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा ४ सेंटिमीटर *वर* आहे. उतारही भिंतीकडे. फॉईलवर भिंतीकडून पाणी. मातीच्या नळ्या नाहीत. पीठ थोडं पडलंय, मऊ आहे, पण फक्त एका कडेच्या पट्टीखाली.

म्हणजे लहानपणी अंगणातून घरात यायला एक पायरी चढायचो ती पायरी कुठे गेली, हा प्रश्न आज सुटला.

ओळंबा

पायरी गेली की जोतं गेलं, जोतं गेलं की घर पाण्यात उभं.

भिंतीलगतचा दोन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा उखडा. आतल्या फरशीपासून निदान १५० मिलिमीटर खाली जा, जाडी खडी भरा, उतार भिंतीपासून लांब काढा. पायाच्या तळाखाली मात्र खणू नका, आणि सगळी लांबी एकदम उघडी टाकू नका. आतला सिमेंटचा गिलावा काढा. मग थांबा.

किती थांबायचं? ढोबळ हिशेब असा की भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना. तुमची भिंत १८ इंच.

उंबरठा

१८ महिने??

तिरकस

सुट्टी वाढवून घ्या.

सरळरेषा

इथे दरवेळी सिमेंटला झोडपायची स्पर्धा लागते, म्हणून मुद्दाम लिहितो. माझं घर सिमेंटच्या गिलाव्याचं आहे, ३० वर्षं ठणठणीत. चुन्याचं काम करणारा माणूस शोधायचा, आठवडेच्या आठवडे पाणी मारायचं, आणि शेवटी नखाने ओरखडा निघेल असा पृष्ठभाग. हा हौसेचा मामला आहे. चांगलं वॉटरप्रूफिंग रसायन घालून नीट जाडीचा सिमेंट गिलावा केला असता तर ओल आलीच नसती.

चुनखडी

सरळरेषा, तुमचं घर बांधलंच सिमेंटमध्ये असणार, आणि जोत्याला ओल अडवणारा थरही असणार. तिथे सिमेंटचा गिलावा शोभतो. उद्या तुम्ही त्यावर चुना लावलात तर तुम्हाला मिळणार काही नाही.

उंबरठा यांची भिंत वेगळ्या जातीची आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली. त्याआधीची हजारो वर्षं आणि त्यानंतरही कित्येक दशकं जगभर भिंती चुन्यात उभ्या राहिल्या, आणि त्या पाणी *अडवत* नव्हत्या. पावसात प्यायच्या, उन्हात सोडायच्या. विटेपेक्षा चुना मऊ असतो हीच त्याची खुबी. भिंत हलली तर भेग चुन्यात पडते, वीट शाबूत राहते. क्षार साठले तर चुना खराब होतो, तो खरवडून नवा भरता येतो. वर सिमेंटचं कवच चढवलं की उलटं होतं : कवच तसंच राहतं आणि मागची वीट पिठासारखी सुटते. उंबरठा, गिलावा काढाल तेव्हा विटांवरून हात फिरवून बघा.

आणि नखाने ओरखडा निघतो तो पहिल्या काही महिन्यांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्याला या कामासाठी थोडी ओल आणि भरपूर वेळ लागतो. घाईने वाळवला तर भुसभुशीत राहणारच, म्हणून पाणी मारायचं. थर १० मिलिमीटरच्या आसपास, दोन थरांत दिवस जाऊ द्यायचे. विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली तर ओल्या जागीही बऱ्यापैकी घट्ट होतो.

कळीचा चुना घरी विरवायचा विचार असेल तर चष्मा, हातमोजे आणि मोठं पिंप हवं. पाण्यात पडला की उकळ्या फुटतात, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. चुन्यात पाणी नाही, पाण्यात चुना घालायचा. त्यापेक्षा विरलेला आणा.

सरळरेषा

जोत्याचा मुद्दा मान्य. हौसेचा मामला हा शब्द मागे घेत नाही.

उंबरठा

गिलावा काढला. चुनखडी, हात फिरवायची गरजच पडली नाही. गिलाव्याच्या पाठीला विटेचा पातळ पापुद्रा चिकटून आला, लालभडक, आतून ओलसर आणि वर साखरेसारखे चकचकीत कण. खालच्या तीन-चार थरांतल्या विटांचे कोपरे गोल झालेत. एका वर्षात!

तो लोणा पाण्याने धुऊन काढू का?

ओळंबा

अजिबात नको. पाण्यात विरघळून पुन्हा आत जाईल. कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी खाली पडू न देता सुपलीत घ्या आणि घराबाहेर टाका. दर पंधरा दिवसांनी.

ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणणार असाल तर ते लाकडात खुपसा. भिंतीतल्या आकड्यावर भरवसा नको, क्षारांमुळे वीज जास्त वाहते आणि यंत्र वाटेल ते सांगतं.

शिवाय गिलावा निघालाच आहे तर जुनं वायरिंग आत्ताच बदला. अर्थिंगची तार आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की आपोआप तोडणारं बटण), यात काटकसर नको. गिलावा झाल्यावर भिंत फोडणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही.

पाचर

भिंत वाळतेय तोवर लाकडाकडे वळू.

कपाट दुसऱ्या खोलीत न्या, आतल्या भिंतीपासून चार बोटं लांब, पायांखाली विटा. घाईने उन्हात ठेवू नका. २५-३० टक्क्यांवरून एकदम खाली आलं तर फाटेल. पीठ पडतं त्या कडेखाली काळा कागद अंथरा. महिन्याभराने कागद काळाच दिसला तर किडा कधीच उडून गेलाय, जुना भुसा गळत होता. पांढरं पीठ दिसलं तर जिवंत आहे. भुंगेरा बहुतेक वेळा बाहेरच्या फिक्या लाकडात असतो, गाभ्याच्या गडद लाकडात नाही. मग त्या पट्टीचं पॉलिश काढून उघड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी पाजायचं. पॉलिशवरून मारलं तर औषध नुसतं घरंगळून जातं.

प्लायवूडची पाठ लावू नका म्हणणार नाही, घर तुमचं. पण मूळ पाठ फळ्यांची आहे ना? ज्या फळ्या शाबूत आहेत त्या ठेवा. कुजलेल्या तेवढ्या काढा.

नवी_करवत

मी पण असंच एक घर घेऊन बसले आहे, त्यामुळे धाग्याची वाचनखूण साठवली. पाचरदादा, एक विचारू का? माझ्या टेबलावर जुनं पॉलिश आहे पण ते कशाचं हे कसं ओळखायचं? सगळे म्हणतात 'आधी सगळं घासून काढ'.

पाचर

घासण्याआधी ओळखा, ताई. घासलेलं परत येत नाही.

टेबलाच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेकवा. मिनिटभरात चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकरच्या थिनरने मऊ झालं तर लॅकर. दोन्हींना बधलं नाही तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

लाख निघाली तर नशीबवान आहात. लाखेचा नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, घासून लाकूड उघडं करायची गरजच नसते. कोमट पाणी आणि सौम्य साबणाचं पिळलेलं फडकं फिरवून मळ काढा, वाळू द्या, आणि चिंधीच्या बोळ्याने नवी लाख अगदी पातळ चढवा. रोज दोन-तीन हात. बोळा लाकडावर *थांबवायचा* नाही, विमान उतरतं आणि उडतं तसा आत-बाहेर करायचा. थांबला की तिथे डाग. लाख ताजी हवी, स्पिरिटमध्ये विरघळवून वर्षभर ठेवलेली बाटली वाळतच नाही, चिकचिकत राहते.

पीयू वाईट नाही. रोजच्या वापराच्या टेबलाला तेच बरं. पण ते साल काढल्यासारखं सोलतं, आणि मग सगळंच काढावं लागतं.

निखारा

पॉलिशवरून आठवलं, थोडं अवांतर पण महत्त्वाचं.

गेल्या वर्षी दाराला जवसाचं तेल लावत होते. उकळलेलं, म्हणजे सुकायला लवकर व्हावं म्हणून धातूचे क्षार घातलेलं. संध्याकाळी काम संपलं, चार-पाच तेलकट चिंध्या बोळा करून प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या, बादली जिन्याखाली. रात्री साडेअकराला जळका वास. मला वाटलं वायर. जाऊन बघते तर बादलीचा तळ वितळून फरशीला चिकटलेला, चिंध्या आतून लाल. ज्वाला नव्हती, नुसतं धगधगत होतं. माचिस नाही, शेगडी नाही, काही नाही!

तेल सुकताना ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते, आणि बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडते. तेव्हापासून प्रत्येक चिंधी उघड्यावर एकेरी वाळत घालते, कडक झाली की मगच टाकते. किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जिन्याखालच्या फरशीवर बादलीचा गोल अजून आहे, मुद्दाम काढला नाही.

पाचर

शंभर टक्के खरं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी करवत नंतर, चिंधी आधी.

नवी_करवत

बाप रे. माझा बोळा आत्ता या क्षणी कोपऱ्यात पडलाय. आलेच.

उंबरठा

कागद काळाच राहिला! मागच्या फळीत यंत्राने २४ दाखवले होते, पाच आठवड्यांत १७.

खुर्च्यांचं विचारायचं राहिलं. सांधे हलतात. एका हितचिंतकाने दोन खिळे मारून ठेवलेत. आणि टेबलावर एक काळं वर्तुळ आहे, दौतीचं असावं.

पाचर

हितचिंतकाला खुर्चीवर बसवा.

खुर्चीचा सांधा म्हणजे साल (खाच) आणि त्यात बसणारं कुसू (दांड्याचं टोक). माणूस मागे रेलला की सगळा जोर त्यावर येतो. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही, कुसू चिरतं. खिळे जपून काढा, सैल सांधे लाकडी मोगरीने हळू ठोकून पूर्ण उकला. कोणता तुकडा कुठला, यावर चिकटपट्टीने नंबर घाला. नंतर कोडं घालत बसाल.

इतक्या जुन्या खुर्चीत सरस असणार. गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो आणि वास येतो, जनावराचा. तो वास आला की खुश व्हा, कारण सरस परत सरसाला धरतो. रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवायचा. उकळला की ताकद गेली. पांढरा गोंद वापरायचा असेल तर जुन्या सरसाचा कण न कण काढावा लागेल, तो फक्त उघड्या लाकडाला धरतो. कुसू सालीत ढिलं असेल तर गोंद भरून पोकळी बुजवू नका. कुसवाला रंध्याने काढलेला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून जाड करा. शिकंजा नसेल तर दोरी गुंडाळून काडीने पीळ द्या. आणि सरस ओला असतानाच चारही पाय सपाट जमिनीवर टेकवून बघा.

काळं वर्तुळ लोखंडाचं. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन. तेवढ्या भागाचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं द्रावण ब्रशने लावा, डाग फिका होईल, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा. विषारी आहे. हातमोजे घाला, आणि वाळल्यावर त्याची पूड कोरडी घासू नका. शाईचाच डाग असेल तर सगळा जाईलच असं नाही. पांढरं वर्तुळ असतं तर इतकं करावं लागलं नसतं, ती नुसती पॉलिशमध्ये अडकलेली ओल असते.

ओळंबा

घासण्याचा विषय निघालाच आहे तर दारं-खिडक्यांच्या जुन्या तैलरंगाबद्दल. ७० वर्षांत चढलेल्या थरांमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून. म्हणजे तुमचे बहुतेक थर त्याआधीचे. कोरडं घासू नका, मशीन तर नाहीच. ओलं करून खरवडा, साधा कापडी मास्क पुरत नाही, पोरांना त्या दिवसांत घरात आणू नका. ब्लोटॉर्च लावू नका, शिशाची वाफ होते. रंग घट्ट असेल तर तो काढायचा हट्टच कशाला? वरून एक हात द्या.

आणि तुळया. तुम्ही त्यांच्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीत, त्याचीच मला काळजी वाटते. ओल्या भिंतीत त्यांची टोकं पुरलेली आहेत.

उंबरठा

तुळया पहिल्या मजल्याच्या उंचीला आहेत, ओल तिथवर नाही. तरी तुमच्या शब्दाखातर शिडी लावली. पाचपैकी चार टोकांवर आरी टोचली तर मिलिमीटरभर गेली, ठोकलं तर खणखणीत. पाचवीच्या टोकात दोन इंच गेली, आवाज भद्द. वर बघितलं तर नेमकी तिथंच पन्हळ फुटलेली, पाणी भिंतीतून पाझरतंय.

शिवाय मधल्या तुळईला झोळ आहे. दोरा ताणून मोजला, ४ मीटरच्या गाळ्यात २२ मिलिमीटर. खालून एक फळी ठोकून दिली तर चालेल?

ओळंबा

पाचवीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर प्रत्यक्ष बोलवा. आजच टेकू द्या, पन्हळ आजच बदला. हे धाग्यावर बसून सांगायचं काम नाही.

झोळाचं सांगतो. लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराखाली हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं, त्यामुळे जुना झोळ म्हणजे लगेच धोका नव्हे. दोऱ्याचा आकडा तुळईवरच तारखेसकट पेन्सिलीने लिहा, ६ महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढला तर बोलू. जॅक लावून एका दिवसात सरळ करायला जाऊ नका, वरचं सगळं तडकेल.

खालून फळी ठोकायचा हिशेब असा : तुळईची ताठरता रुंदीच्या पटीत वाढते, पण खोलीच्या (म्हणजे उभ्या जाडीच्या) *घनात*. तेवढीच दुसरी तुळई शेजारी उभी केलीत तर दुप्पट. तेच लाकूड खाली एकजीव जोडून खोली दुप्पट केलीत तर आठपट. पण एकजीव, हे महत्त्वाचं. चार खिळ्यांनी ठोकलेली फळी तुळईवर सरकत राहते आणि नुसतं वजन वाढवते. शेजारी जोड देऊन आरपार बोल्ट मारणं सोपं आणि खात्रीचं. आणि तुळईच्या खालच्या अंगाला मध्यावर खाच कधीही घेऊ नका, सगळा ताण तिथेच असतो.

तिरकस

पॉलिश कोणतं घेऊ या प्रश्नाचं उत्तर : टेकू.

उंबरठा (५ महिन्यांनी)

धागा वर काढतोय. टेकू, इंजिनिअर, पाचव्या तुळईचं टोक कापून पोलादी पट्ट्यांत नवं लाकूड, हे सगळं झालं. बाहेरचा पट्टा उखडल्यावर ओल ४ फुटांवरून दीड फुटावर उतरली. लोणा अजून झाडतोय, पण सुपलीत येतो तो निम्माही नाही.

आता माझा पराक्रम ऐका. कपाटाच्या पाठीत पाचरभाऊंनी सांगितल्याप्रमाणे तीन फळ्या नव्या घातल्या, साग, प्रत्येकी ४०० मिलिमीटर रुंद. चौकटीच्या खाचेत बसवताना वाटलं, पुन्हा हलायला नकोत, म्हणून खाचभर गोंद भरला. गेल्या आठवड्यात कोरडी हवा पडली. रात्री दोनला फटाका फुटल्यासारखा आवाज. मधली फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरलेली, फटीतून पलीकडचा दिवा दिसतो.

पाचर

अरेरे. खाच असतेच फळीला हलायला म्हणून. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागासारखं शांत लाकूडही ओल १ टक्क्याने बदलली की साधारण ०.२ टक्के हलतं. तुमची ओल ५-६ टक्क्यांनी उतरली असेल, तर ४०० वर चार ते पावणेपाच मिलिमीटर. तेवढं आकुंचन कुठून तरी निघणारच, तुम्ही कडा बांधून ठेवल्यात म्हणून मधून निघालं.

फळी काढा, चिरेत त्याच लाकडाची निमुळती पट्टी चिकटवा, रंध्याने सपाट करा, आणि परत बसवताना खाच कोरडी. फक्त वर आणि खाली मधोमध एकेक खुंटी, दोन्ही कडा मोकळ्या.

पायांचं काय केलंत?

उंबरठा

पायांत यश. कुजका भाग तिरका कापला, झाडाला कलम करतात तसा, ३ सेंटिमीटर जाडीला २४ सेंटिमीटर लांब उतार. नवं लाकूड त्याच उताराचं, रेषा जुळवून. पॉलिशनंतर आईला जोड सापडला नाही. (मला सापडतो, पण मी कुठे बोलतोय.)

नवी_करवत

माझं मुख्य दार अडकतंय. पावसात जास्त. रंधा मारू का?

पाचर

पावसात मारलेला रंधा उन्हाळ्यात फट होऊन दिसतो. आधी बिजागऱ्या बघा, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर दार नाक खाली घालून उभं असतं. स्क्रूच्या भोकात गोंद लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून स्क्रू परत आवळा. तरी अडकलं तर कडेला खडू फासून दार बंद करा, चौकटीला जिथे खडू लागेल तिथेच घासतंय. आणि दाराच्या वरच्या नि खालच्या कडेला हात लावून बघा. नव्वद टक्के दारांना तिथे रंगच नसतो, आणि लाकूड पाणी पितं ते याच तोंडांनी.

उंबरठा (पहिल्या पोस्टनंतर १९ महिन्यांनी)

भिंतीला चुन्याचे तीन हात झाले. राहायला आलो. कपाट मूळ जागी, भिंतीपासून चार बोटं सोडून. फळीत यंत्र ११ दाखवतं. झोळ अजून २२ वरच. टेबलावरचं वर्तुळ फिकं झालं पण गेलं नाही, मी पुढे नाद सोडला. सरळरेषा, तुम्ही म्हणालात ते खरं, चुन्याच्या कामाला माणूस मिळायला चार महिने गेले.

एकच गोष्ट. कपाट जागेवर ठेवल्यापासून डावं दार तळाला घासतंय. आधी कधी घासत नव्हतं. बिजागऱ्या घट्ट आहेत, खडू लावून बघितला. रंधा हातात घेतलाय, पण धीर होत नाही.

पाचर

रंधा खाली ठेवा. मागचा डावा पाय तुम्ही नवा जोडलाय ना? तो केसभर उंच झाला असणार. म्हणून पुढचा डावा हवेत आहे, आणि त्या बाजूची चौकट खाली बसलीय. पुढच्या डाव्या पायाखाली काहीतरी सरकवून बघा.

उंबरठा

दुहेरी घडीचा पुठ्ठा सरकवला. दार लागलं.